पाऊणकीची भरती : धक्क्यावर बसून चंद्र, सूर्य आणि पाणी मोजायची रीत

"तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ मिळते." कोकणात बंदरावरच्या जुन्या माणसाला विचारलं तर बहुधा हेच उत्तर येईल. आज चतुर्थी? चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता पाणी पूर्ण भरलेलं. अष्टमी? आठ पाऊणे सहा. पूर्वी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा आणि पाऊणचे पाढे, घोकून घेत, त्यामुळे हा हिशेब करायला कागद लागत नसे.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. एका पंचमीला मुलांना भरती दाखवायची म्हणून मी पाऊणकी केली. पाच पाऊणे पावणेचार. आम्ही साडेतीनला धक्क्यावर पोचलो, तर पाणी उतरायला लागलेलं. जाळं विणत बसलेले तात्या मान वर न करता म्हणाले, "बाई, पाणी तीनलाच भरलं. तुम्ही उशिरा आलात."

तोवर मी फळ्यावर 'निरीक्षण, प्रश्न, अंदाज, प्रयोग, निष्कर्ष' असे पाच शब्द लिहून वैज्ञानिक पद्धत शिकवत होते, आणि मुलं दोन मार्कांसाठी ते पाठ करत होती. त्या दिवसापासून आम्ही पाऊणकीच तपासायला घेतली. खाली दिलेली रीत तीन-चार वर्षांच्या चुकांमधून तयार झाली आहे. दिवाळीनंतर सुरू करा. आकाश स्वच्छ असतं आणि समुद्र शांत. पावसाळ्यात धक्क्यावर जायचं नाही, आणि एरवीही मोठं माणूस सोबत असल्याशिवाय जायचं नाही. शेवाळलेल्या खडकांवर उतरून मोजमाप करायची तर मुळीच गरज नाही.

आधी वही

दोनशे पानी वही घ्या. तीत पेनने लिहायचं, पेन्सिलने नाही. खोडरबर घरी ठेवायचा. आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ मारा, म्हणजे खालचा आकडा वाचता येतो. प्रत्येक नोंदीला तारीख, वेळ, जागा आणि बघणाऱ्याचं नाव हवं.

सगळ्यात महत्त्वाचा नियम असा की बघायला जाण्याआधी अंदाज लिहून ठेवायचा. "आज पंचमी, पाऊणकीप्रमाणे भरती ३:४५ ला" हे वाक्य धक्क्यावर जाण्याआधी वहीत असलं पाहिजे. पाणी पाहून आल्यावर "मला वाटलंच होतं" म्हणणारे वर्गात पंचवीस निघतात. लिहून ठेवलेला अंदाज मात्र पलटी खात नाही.

जागा आणि बघणाऱ्याचं नाव कशाला, असं मुलं विचारतात. त्यावर मी विजयदुर्गाची गोष्ट सांगते. किल्ल्यात 'साहेबाचे ओटे' म्हणून चौथरे दाखवतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात लॉकयर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञ साहेबाने तिथून हेलियमचा शोध लावला, असं सांगितलं जातं. हेलियमच्या शोधात लॉकयरसोबत ज्यांचं नाव घेतात ते फ्रान्सचे खगोलशास्त्रज्ञ जान्सन त्या ग्रहणाला गुंटूरला होते. लॉकयर तेव्हा भारतात आलेच नव्हते. त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरात, ग्रहण नसताना, इंग्लंडमधूनच सूर्याच्या कडेचा वर्णपट, म्हणजे तिथल्या प्रकाशाचे सुटे केलेले रंग, पाहिला. हे आज ठामपणे सांगता येतं, कारण दोघांनी कुठून, कधी आणि काय पाहिलं ते लिहून ठेवलं होतं. ओटे जरूर बघा, किल्ला सुरेखच आहे. पण 'कुठून पाहिलं' हा रकाना रिकामा सोडू नका.

पहिले पंधरा दिवस : नुसता चंद्र

पाण्याकडे लगेच जाऊ नका. अमावस्येनंतर रोज संध्याकाळी एकाच वेळी, समजा सात वाजता, एकाच जागी उभं राहून चंद्र कुठे आहे ते नोंदवा. हात सरळ ताणून मूठ धरली की आकाशात साधारण १० अंश मोजता येतात आणि करंगळीची रुंदी सुमारे १ अंश भरते. चंद्र स्वतः अर्ध्या अंशाचा आहे, म्हणजे करंगळीआड सहज झाकला जातो. पुनवेचा चंद्र सड्यामागून, म्हणजे कातळाच्या पठारामागून, वर येताना परातीएवढा दिसतो तेव्हा हे मुलांना अजिबात पटत नाही. पटवायला जाऊ नका, करंगळी धरायला सांगा.

चार-पाच दिवसांत लक्षात येतं की सात वाजताचा चंद्र रोज सुमारे एक मूठ आणि थोडा जास्त, म्हणजे १२ अंशांच्या आसपास, पूर्वेकडे सरकलेला असतो. इथे गोंधळ होतो, कारण एका रात्रीत तोच चंद्र पश्चिमेकडे जाताना दिसतो. होडीतून खाडी ओलांडताना काठावरचे माड मागे पळतात ना, तसं आहे हे. पळतो आपण. ताऱ्यांचं पश्चिमेकडे जाणं समजावताना आर्यभटाने ४९९ साली नावेतल्या माणसाचाच दाखला दिला होता. पृथ्वी फिरते म्हणून सगळं आकाश रोज पश्चिमेला जातं आणि त्याच वेळी चंद्र स्वतःच्या वाटेने हळूहळू पूर्वेकडे चाललेला असतो.

या पंधरवड्यात एक प्रयोग चुकवू नका. शुक्ल सप्तमीच्या किंवा अष्टमीच्या दुपारी चारला चंद्र पूर्वेकडच्या आकाशात बऱ्यापैकी वर असतो आणि सूर्य पश्चिमेला असतो. उन्हात उभे राहा आणि एक पांढरा चेंडू हात ताणून चंद्राच्या शेजारी येईल असा धरा. चंद्राचा जेवढा भाग उजळलेला दिसतो तेवढाच, त्याच बाजूने, चेंडूही उजळलेला दिसेल. 'चंद्रावर पृथ्वीची सावली पडते म्हणून कला दिसतात' हे उत्तर दरवर्षी निम्मा वर्ग देतो. चेंडूवर पृथ्वीची सावली कुठे पडली? सूर्य इकडे, चंद्र तिकडे, दोन्ही आकाशात समोर आहेत. हे बघितलेलं मूल पुन्हा ते उत्तर देत नाही. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते ती फक्त चंद्रग्रहणात.

पाऊणकी कागदावर उलगडून बघा

धक्क्यावर जाण्याआधी नियमालाच दोन प्रश्न विचारा. पाऊणच का?

एका अमावस्येपासून पुढच्या अमावस्येपर्यंत ३० तिथी होतात. तेवढ्यात चंद्र सूर्याच्या मानाने एक पूर्ण फेरी मारतो, म्हणजे त्याला २४ तासांचा उशीर साचतो. २४ तासांचे ३० भाग केले की तिथीमागे ४८ मिनिटं येतात. पाऊणकी ४५ मिनिटं धरते. तीन मिनिटांचं काय मोठंसं, असं वाटेल. पण पौर्णिमा पंधरावी तिथी आहे, आणि पंधरा पाऊणे सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, पुन्हा एकपासून मोजायचं, म्हणजे पाऊण, अर्थात पाऊण वाजता. बाकी दिवसांत ४५ मिनिटांनी पुढे जाणारी भरती या एका दिवसात दीड तास उडी मारते!

पाणी अशी उडी मारत नाही. तीन-तीन मिनिटं साचून पंधरा दिवसांत जी ४५ मिनिटं झाली, ती नियमाने गुपचूप एका सांध्यात ढकलली आहेत. हा सांधा आमच्या एका सातवीतल्या मुलीला सापडला, मला नाही. मी हा नियम वीस वर्षं ऐकत होते.

दुसरा प्रश्न आहे तिथीचा. कॅलेंडरवर छापलेली तिथी सूर्योदयाची असते. ती दुपारी संपूही शकते. शिवाय सगळ्या तिथी सारख्या लांबीच्या नसतात, कधी वीस तासांची तर कधी सव्वीस-सत्तावीस तासांची. म्हणून वहीत तिथीसोबत ती किती वाजता संपते तेही लिहा, पंचांगात असतं.

पाणी मोजायचं कसं

गवंड्याचा ओळंबा आणि मोजपट्टी पुरे. धक्क्याच्या कडेवर ऑइलपेंटने एक खूण करा, ती वर्षभर तीच राहील. खुणेवरून ओळंबा सोडा, तो पाण्याला टेकला की दोरी चिमटीत धरा, वर ओढा, मोजा. आकडा जितका लहान तितकं पाणी वर. लाटा असतात, म्हणून एक माप लाट वर असताना घ्यायचं, एक खाली असताना, आणि दोन्हींची सरासरी लिहायची. शेजारून ट्रॉलर गेला तर दोन मिनिटं थांबा.

आम्ही आधी बांबूवर खुणा करून तो चिखलात रोवला होता. आठ दिवसांत तो कलला, आणि आमच्या नोंदींप्रमाणे खाडीचं पाणी रोज वाढत चाललेलं होतं.

अंदाजाच्या दीड तास आधीपासून दर दहा मिनिटांनी माप घ्या. आता खरी अडचण येते. भरती पूर्ण झाली की पाणी पाच मिनिटं चढून लगेच उतरत नाही. वीसेक मिनिटं ते जागच्या जागी असल्यासारखं असतं, आणि 'नेमकं कधी भरलं' यावर मुलांची भांडणं होतात. एक म्हणतो २:५०, दुसरा म्हणतो ३:१०, दोघांच्या दोरीवर आकडा तोच.

यावर उपाय असा. शिखर शोधूच नका. पाणी चढताना एखाद्या उंचीला, समजा खुणेपासून १४० सेंटीमीटरवर, किती वाजता आलं ते लिहा. उतरताना ते पुन्हा त्याच १४० वर कधी आलं तेही लिहा. चढताना २:०५, उतरताना ३:५५, तर मधली वेळ ३:००. पाणी भरभर हलत असतं तेव्हा वेळ नेमकी सापडते. थांबल्यासारखं असतं तेव्हा सापडत नाही. खाडीत पाणी चढतं आणि उतरतं ते अगदी सारख्या वेगाने नव्हे, त्यामुळे पाच-दहा मिनिटांची चूक राहते. ती चूक वहीत '±१० मिनिटं' अशी लिहा. लाज वाटायचं कारण नाही. चूक किती असू शकते हे न लिहिलेला आकडा अर्धाच असतो.

एका पंधरवड्यात रोज जायला जमत नाही. अमावस्या किंवा पौर्णिमा, मग तृतीया, पंचमी, अष्टमी, एकादशी एवढं केलंत तरी चालेल. दिवसात दोन भरत्या येतात, त्यांच्यात साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं. शाळेच्या वेळेला जमेल ती घ्या.

अंगणात एक काठी

आमचे आकडे पाऊणकीशी जुळेनात तेव्हा मला एक कयास सुचला, आणि मी त्याच्या प्रेमातच पडले. आपलं घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचं आहे. ती १९०६ पासून लागू झाली आणि ८२½ अंश पूर्व रेखांशावरून ठरते. रत्नागिरी आहे ७३.३ अंशांवर. फरक सव्वानऊ अंशांच्या आसपास, दर अंशाला ४ मिनिटं, म्हणजे सुमारे ३७ मिनिटं. पाऊणकी नक्कीच त्याआधीची असणार. जुन्या माणसांचे बारा म्हणजे सूर्य माथ्यावर. मग त्यांचे 'पावणेचार' आणि माझ्या घड्याळाचे पावणेचार एक कसे असतील?

कयास तपासायचा तर आपल्या अंगणातले खरे बारा शोधायला हवेत. त्यासाठी एक मीटरची सरळ काठी घ्या, सपाट सारवलेल्या अंगणात रोवा आणि ओळंब्याने ती सरळ उभी असल्याची खात्री करा. सूर्याकडे बघायचं नाही, काळ्या चष्म्यातून नाही की एक्स-रेच्या फिल्ममधूनही नाही. आपल्याला सावली पुरते.

सावली सगळ्यात आखूड होते तो मध्यान्ह. पण माध्यान्हीच्या आसपास सावलीची लांबी बदलताना कळत नाही. पाण्यासारखंच! म्हणून तीच युक्ती. सकाळी अकराच्या सुमारास सावलीच्या टोकाइतकी त्रिज्या घेऊन काठीभोवती दोरीने वर्तुळ काढा. सावली आखडत आत येईल, मग लांबत जाऊन दुपारी पुन्हा वर्तुळाला टेकेल. दोन्ही वेळांच्या मधली वेळ म्हणजे मध्यान्ह. दोन्ही ठिकाणचे बिंदू जोडले की पूर्व-पश्चिम रेघ मिळते, होकायंत्र न वापरता. नाताळच्या सुट्टीआधी आम्ही केलं तेव्हा सावली ११:०५ आणि २:०३ ला टेकली. मध्यान्ह १२:३४. म्हणजे घड्याळाचे बारा हे आमच्या अंगणातले बारा नव्हतेच. ही वेळ वर्षभर एक राहत नाही. रत्नागिरीत ती नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:२० च्या आसपास, तर फेब्रुवारीच्या मध्यात १२:५० च्या आसपास जाते, कारण पृथ्वीची कक्षा पूर्ण गोल नाही आणि आसही कललेला आहे.

काठी उपटू नका. मध्यान्हीची सावली दर पंधरा दिवसांनी मोजत राहा. रत्नागिरीत एक मीटर काठीची सावली २१ डिसेंबरच्या सुमारास ८५ सेंटीमीटर भरते, २१ मार्चच्या सुमारास ३०-३१, आणि ७-८ मे ला ती काठीच्या बुडाशी गुडूप होते. तो शून्य सावलीचा दिवस. मालवणला तो काही दिवस आधी येतो, अलिबागला १४ मे च्या सुमारास. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात रत्नागिरीत तो परत येतो, पण तेव्हा आपल्याकडे सूर्य दिसला तर नशीब. मार्चची मापं कागदावर प्रमाणात काढा, उभी रेघ १० सेंटीमीटर, आडवी ३.१, आणि वरचा कोन कोनमापकाने मोजा. साधारण १७ अंश येईल. तेच तुमच्या गावाचं अक्षांश.

आता माझा कयास. पाऊणकीचे पावणेचार जर सूर्याच्या घड्याळाचे असतील, तर आपल्या घड्याळात त्यात ३७ मिनिटं मिळवायला हवीत. ४:२२. आणि पाणी भरलं होतं तीनला. चूक पाऊण तासाची होती, ती माझ्या दुरुस्तीने जवळजवळ दीड तासाची झाली. मुलांनी वहीत माझ्या कयासावर आडवी रेघ मारली, एकच, खालचं वाचता येईल अशी.

मग आपली पाऊणकी करा

भरतीची लाट आपल्या किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते. मालवणला भरती आधी येते, रत्नागिरीला त्यानंतर, मुंबईला आणखी नंतर. उत्तरेकडे पाण्याची चढ-उतारही वाढते. मालवणकडे उधाणालाही ती दोन मीटरच्या आसपास असते, मुंबईला मोठ्या उधाणाला चारच्या वर जाते. त्यात खाडी आली की मुखापासून आत पाणी पोचायला आणखी वेळ लागतो. मुंबईच्या छापील वेळांशी ताडून पाहिलं तर प्रतिपदेपासूनच्या पहिल्या तिथींना पाऊणकी छान जुळते. माझा आताचा कयास असा की नियमातली वेळ दुसऱ्या कुठल्या तरी बंदराची आहे. पहिल्या कयासाची गत पाहून यावर मी प्रेम करत नाही.

तुमच्या धक्क्याचा नियम असा बसवा. अमावस्येला किंवा पौर्णिमेला भरती किती वाजता आली, ती वेळ पाया धरा. आमचा पाया ११:१५. त्यात तिथीमागे ४८ मिनिटं मिळवा. पंचमीला पाच अठ्ठेचाळीस २४० मिनिटं, म्हणजे चार तास, उत्तर ३:१५. प्रत्यक्षात ३:००. पावणेचारपेक्षा बरंच बरं. पण ज्या आकड्यांवरून नियम बसवला त्याच आकड्यांवर तो तपासून "जुळला!" म्हणू नका. पुढचा पंधरवडा उजाडू द्या, अंदाज नव्याने पेनने लिहा, आणि मग जा.

नव्या पंधरवड्यात अष्टमी-नवमीला तुमचा नियम रुसेल. सूर्य आणि चंद्र दोघंही पाणी ओढतात, सूर्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी. अमावस्या-पौर्णिमेला दोघं एका रेषेत असतात तेव्हा उधाण येतं, आणि त्या दिवसांत भरती रोज ४० मिनिटांच्या आसपासच पुढे सरकते. अष्टमीला दोघं काटकोनात, तेव्हा भांगाची भरती, पाणी कमी चढतं, कमी उतरतं, आणि रोजचा उशीर तासाच्याही वर जातो. तात्यांच्या भाषेत, अष्टमीचं पाणी आळशी. ४८ ही फक्त सरासरी आहे.

या आळसानेच एका वर्षी मला एक गट सापडवून दिला. त्यांच्या वहीत पंधराही दिवस भरती बरोबर ४८-४८ मिनिटांनी पुढे गेलेली. अक्षर सुंदर, खाडाखोड नाही. धक्क्यावर एकदाही न जाता रविवारी बसून लिहिलेलं होतं. मी रागावले नाही. त्यांना दुसऱ्या गटाची ओल्या बोटांनी मळलेली वही शेजारी ठेवून दोन्हींचे आलेख काढायला लावले. अष्टमीपाशी एक रेघ वाकली, एक वाकली नाही. पुढच्या नवमीला तो गट धक्क्यावर सगळ्यांच्या आधी हजर होता.

आणखी दोन गोष्टी नोंदीत दिसतील, त्यांना रकाना ठेवा. सगळ्यात मोठं उधाण नेमकं पुनवेला न येता एक ते तीन दिवसांनी येतं. आणि एकाच दिवसाच्या दोन भरत्या सारख्या चढत नाहीत. आमच्याकडे दुसऱ्या भरतीचा रकाना अजून जवळजवळ रिकामा आहे, कारण रात्री धक्क्यावर कुणाला पाठवणार? तात्यांनी एक तोड सांगितली आहे. रात्रीचं पाणी उतरून गेलं तरी सकाळी धक्क्याच्या भिंतीवर ओली रेघ राहते. उजाडताच, ऊन लागायच्या आत, ओळंबा त्या रेघेपर्यंत सोडायचा. लाटांच्या शिंतोड्याने रेघ किती वर दिसते ते आधी दिवसाच्या भरतीवर तपासून घ्यावं लागेल. या मार्गशीर्षात तेच करणार आहोत, आणि अंदाज लिहून झाला आहे.